वसंत मिस्त्रीचं शेवटचं इंजिन

दादा, आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. तुझ्या गाळ्यात मी झाडू मारला. इंजिन उघडं असताना. नुसता झाडू नाही. फरशी सोड्याने घासून घेतली, फिनाईल टाकलं, आणि चादरीवर तू ओळीने मांडून ठेवलेलं सगळं लोखंड दोन निळ्या टबांत भरून कोपऱ्यात सरकवलं.

तू असतास तर ओरडला नसतास, मला माहीत आहे. ओरडण्याचं खातं आपल्या घरात माझ्याकडे होतं. तू हातातला पाना खाली ठेवला असतास, स्टुलावर बसला असतास आणि बनियनच्या टोकाने चष्मा पुसत राहिला असतास. तुझं ते चष्मा पुसणं मला कुणाच्याही ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. तू जाऊन दोन महिने झाले आणि अजूनही मी तुला रोज चष्मा पुसतानाच बघते आहे, म्हणून शेवटी हे लिहायला बसले.

लालबागच्या नाक्यावर मंडळाने तुझा बॅनर लावला होता. फोटो कुठला, तर मामेभावाच्या मुलीच्या लग्नातला, कोट घातलेला. निम्म्या लोकांनी तुला ओळखलंच नाही. एक म्हातारा ड्रायव्हर बॅनरखाली उभा राहून मला विचारतो, "हे कोण गेले हो?" मी म्हटलं, "वसंत मिस्त्री." तो म्हणाला, "कायतरीच काय! वसंत मिस्त्रीच्या कपाळावर ऑईल असतं." आणि मग एकदम बांध फुटल्यासारखा रडायला लागला. मीच त्याला पाणी आणून दिलं. मंडळाच्या पोरांनी फोटोवर थोडं ऑईल लावलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा नियम मला तोंडपाठ होता. "सुमे, इंजिन उघडा असताना झाडू मारूचो नाय." आई गेल्यावर तू मालवणीत बोलायचास ते इंजिनाच्या गोष्टी सांगतानाच. झाडू मारला की धूळ उडते, धुळीचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तरी पुढे क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, ओरखडा पडतो, हे तू मला शंभरदा समजावलं असशील. शिवडीच्या त्या गल्लीत बाकीचे गाळेवाले सकाळी झाडलोट करून उदबत्ती लावायचे. तुझ्याकडे इंजिन उघडं असलं की आठ-आठ दिवस झाडू दाराआड उभा. आई म्हणायची, अरे, अशाने लक्ष्मी कशी येईल? तू म्हणायचास, "तिला सांग, बंद केल्यावर ये."

मी त्या गाळ्यात पहिल्यांदा आले ती तुझा डबा घेऊन. तेव्हा गाळा तुझा नव्हता, तू उस्तादांच्या हाताखाली शिकत होतास. बाबांची गिरणी बंद पडलेली, मी दहावीत, आणि चौघांचं घर तुझ्या एकट्याच्या काळ्या हातांवर चाललेलं. एक दिवस तू कुठल्याशा ट्रकचा क्रँक बाहेर काढून ठेवला होतास. माझ्याकडे बघून म्हणालास, "तुझी नखं वाढलीयत. इकडे ये." मला वाटलं, आता बोलणी खाणार. तू माझं बोट धरलंस आणि त्या गुळगुळीत लोखंडावरून अलगद फिरवलंस.

"अडकतंय?"

"नाही."

"इथे?"

"हां, इथे जरा अडकलं."

तू इतका खूश झालास की उस्तादांना हाक मारून बोलावलंस. डोळ्याला न दिसणारा ओरखडा नखाला कळतो, हे माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. तुमची नखं कामाने झिजलेली, त्यामुळे पुढची दोन वर्षं मी डबा घेऊन आले की माझं नख कामाला जुंपलं जायचं. आई नखं कापायला बसवायची आणि तू लांबून ओरडायचास, "उजव्या हाताचं पहिलं बोट सोड!" शाळेत बाई विचारायच्या, हे एकच नख कशाला वाढवलंयस? मी खरं ते सांगायचे, दादाच्या इंजिनासाठी. बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, परळच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, ते सगळं त्याच काळ्या हातांच्या जिवावर. हे मी तुला एकदाही तोंडाने म्हटलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धतच नव्हती. तू कॉलेजची फी भरून यायचास आणि मी तुझ्या बनियनचे डाग निघत नाहीत म्हणून कटकट करायचे. तू स्वतः दहावी नापास, आणि मला पहिली नोकरी लागली त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटताना प्रत्येकाला सांगत होतास, "आमची सुमी आता पोरांना नापास करणार." दादा, आज सरळ सांगते. मी जी काही झाले ती तुझ्यामुळे झाले.

आणि लग्न आठवतंय? लालबागहून परळला सामान न्यायचं होतं. सामान ते काय, एक कपाट, एक पलंग आणि शिलाईचं मशीन. हातगाडीवर अर्ध्या तासात पोचलं असतं. तू ट्रक घेऊन आलास. नारिंगी रंगाचा, झेंडूच्या माळा लावलेला, आणि मुख्य म्हणजे तू पहिल्यांदा एकट्याने इंजिन बांधलेला. तो गल्लीत शिरेना. सासरची सगळी माणसं नाक्यावर आली, तर तू इंजिन चालू ठेवून माझ्या सासऱ्यांना बॉनेट उघडून दाखवतोयस, "ऐका, ऐका, कसा आवाज आहे!" सासरे बिचारे पोस्टातले. त्यांनी इंजिनाला हात जोडून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे सासरे जाईपर्यंत दर दिवाळीला विचारायचे, "वसंतरावांचं इंजिन बरं आहे ना?"

टबात मी भरलं ते तेच इंजिन.

तो ट्रक म्हातारा झाला, पासिंग मिळेना, तेव्हा भंगारात गेला. तू त्याच्या आधी जाऊन इंजिन तेवढं सोडवून आणलंस आणि वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाईच्या बोटीत बसवलंस. ट्रकचं इंजिन समुद्रात, हे ऐकून मी हसले होते. तू म्हणालास, "त्याला रस्ता काय नि समुद्र काय, फिरवायचं एवढंच काम." तेव्हापासून दर तीन-चार वर्षांनी, पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की ते इंजिन टेम्पोत बसून तुझ्याकडे यायचं, माहेरपणाला आल्यासारखं.

आपलं भांडण याच्यावरून. रविवारी तू जेवायला यायचास आणि मासे संपायच्या आत ते सुरू व्हायचं. तुझं म्हणणं, जुन्या डिझेल इंजिनासारखं भरवशाचं जगात काही नाही. त्याला डिझेल, हवा आणि ऑईल द्या. एकदा सुरू झालं की बॅटरीच्या वायरी तोडल्या तरी घरी आणून सोडतं. नव्या गाडीला आधी कॉम्प्युटर जोडायचा, मग तो सांगणार तिला कुठे दुखतंय. "समुद्रात कॉम्प्युटर कोण जोडणार? मासे?" हा तुझा ठरलेला विनोद, आणि त्यावर तूच हसायचास.

मी मास्तरीण. मी तुला सोडते होय? पहिली गोष्ट धुराची. "मी वर्गात पोरांना हवेचं प्रदूषण शिकवते आणि माझा सख्खा भाऊ ते तयार करतो." दुसरी गोष्ट तुला जास्त झोंबायची. मी म्हणायचे, जुनी इंजिनं सगळीच चांगली नव्हती. वाईट होती ती केव्हाच भंगारात गेली. जी उरली तीच तू बघतोस आणि म्हणतोस, बघा, जुनं ते सोनं. एकदा तर मी फारच पुढे गेले. म्हटलं, "जी मधल्या समुद्रात बंद पडली, ती कुठे तुझ्याकडे तक्रार करायला आली?" तू घास हातात धरून थांबलास. मग चष्मा काढून पुसलास आणि म्हणालास, "तसं पण असेल." मी जिंकले म्हणून सुरमईची आणखी एक तुकडी वाढून घेतली.

आणि ती दोन मिनिटं. दुरुस्तीनंतर इंजिन पहिल्यांदा चालू केलं की काळा धूर भपकन बाहेर यायचा. मी पदर नाकाला लावून तरातरा गल्लीच्या तोंडाशी निघायचे. मागून तुझी हाक यायची, "सुमे, दोन मिनिटं थांब गो! गरम होऊ दे, मग बघ!" इतक्या वर्षांत मी एकदाही थांबले नाही. धूर म्हणजे धूर, त्यात बघायचंय काय, असं माझं म्हणणं.

तुझा खोकला गणपतीत सुरू झाला तो शिमगा झाला तरी थांबेना. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडासमोर धरला तेव्हा मला काही विचारावंच लागलं नाही. टॅक्सीत बसल्या बसल्या मी तोंड सोडलं, "तुझ्या इंजिनांनीच तुला खाल्लं." तू म्हणालास, "बिडीपण ओढायचो मी. तिचंपण नाव घे की." वहिनी जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तेव्हा तुझ्यावर ओरडायला हक्काची मी एकटीच उरले होते. मी माझं काम चोख केलं. गाळा बंद कर, परळला माझ्याकडे राहायला ये, सकाळी बागेत फिर. तू सगळ्याला हो म्हणायचास आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात असायचास.

जूनमध्ये हिराबाईचं इंजिन आलं. तुझ्याबरोबर पंचवीस वर्षं काम केलेला रफिक नेमका आईचं ऑपरेशन म्हणून खेडला गेलेला. तू एकट्याने, खोकत खोकत, ते अख्खं उघडलंस. मी फोनवर विचारलं, रफिक येईपर्यंत थांबता येत नाही का? तू म्हणालास, "उघडून तरी ठेवतो." आठ दिवसांनी तुला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. मास्क बाजूला करून तू मला गाळ्याची चावी दिलीस आणि म्हणालास, "रफिक येईपर्यंत आत कुणाला जाऊ देऊ नको."

आणि मी काय बोलले? "आता तरी ते लोखंड सोड, दादा. जाऊ दे भंगारात." तू डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर आपण बोललो ते पाणी हवं का, उशी वर करू का, एवढंच. चौथ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तेराव्याला तुझी ड्रायव्हर-मिस्त्री मंडळी येणार म्हणाली. चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमधल्या तुझ्या नवव्या मजल्यावरच्या खोलीत ती मावणार नव्हती, म्हणून गाळ्यातच जमायचं ठरलं. मी कुलूप उघडलं. आत चादरीवर इंजिन पसरलेलं, प्रत्येक तुकडा आपल्या जागेवर, आणि बाजूला तुझं स्टूल. मंडळाचे दोघे मदतीला आले होते. ते म्हणाले, "ताई, हे असंच राहू द्यायचं का?" तुझं सांगणं माझ्या कानात होतं. तरी मी म्हटलं, उचला. लोकांना मी सांगितलं की माणसं येणार, स्वच्छ नको का? खरं तर मला स्वच्छतेचं काही पडलं नव्हतं. मला त्या इंजिनाचा राग आला होता. त्याच्यापायी तू गेलास असं वाटत होतं, आणि ते मेलं तिथेच ऐसपैस पसरलं होतं. मी ते रॉकेलमध्ये धुवून टबात भरायला लावलं, आणि झाडू मी स्वतः मारला.

तेराव्याला हिराबाई आली. हातातली पिशवी खाली ठेवून तुझ्या फोटोला फूल वाहिलं, मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाय, माझा इंजिन कुठं हाय?" मी टब दाखवले. वर मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "लख्ख धुवून ठेवलंय." तिने टबात वाकून पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रफिकला येऊ दे." तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझ्या हातून काहीतरी मोठं घडलं आहे, पण काय ते विचारायचा धीर झाला नाही.

रफिक आला तो टब बघून तुझ्या स्टुलावर मटकन बसला. "ताई, हे काय करून ठेवलंत?" मग त्याने मला शिकवलं, मी पोरांना शिकवायचे तसं, सावकाश. सहा सिलिंडर, सहा रॉड, प्रत्येक रॉडची आपली टोपी. रॉड आणि टोपी एकत्र घासून बसवलेली जोडी असते. एकाची टोपी दुसऱ्याला लागली की संपलं. "वर छापलेले नंबर आहेत की," मी म्हटलं. तो केविलवाणा हसला. "ताई, दादाने हे इंजिन तीन इंजिनांतून जमवलंय. ह्याच्यात दोन रॉडवर तीन नंबर आहे आणि पाच नंबर कुणावरच नाही. कोण कुणाचा, ते दादाच्या डोक्यात होतं, नाहीतर त्याच्या ठिपक्यांत."

"चुकीचं लागलं तर?"

"इथे लागलं तर जाम होईल, ते बरं. मधल्या समुद्रात रॉड बॉडी फोडून बाहेर आला, तर?"

हिराबाईचे दोन्ही मुलगे त्या बोटीवर असतात. तुझ्याशी भांडताना समुद्रात बंद पडलेल्या इंजिनांवरून मी तुझं तोंड बंद केलं होतं, आणि आता तसलं एक इंजिन मी माझ्या हाताने तयार करायला निघाले होते. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे राहिले होते. या मापाचं दुसरं सामान आता मिळत नाही, दुसरं इंजिन शोधून बसवायचं तर अख्खा हंगाम हातचा जाणार. मी हिराबाईला फोन करून खरं काय ते सांगितलं. माझी चूक आहे, म्हटलं. ती म्हणाली, "दुसरा नको मना. तुमी बघा आधी."

बघायचं काय, तर ठिपके. रॉडवर आणि त्याच्या टोपीवर तू पंचाने, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, ठिपके मारायचास, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, हे रफिकला माहीत होतं. पण माझ्या टबात ते लोखंड एकमेकांवर आपटून खरवडलं गेलेलं, ठिपक्यांत जुनी काजळी दगडासारखी बसलेली, आणि रफिक बॅटरी मारमारून थकला. शेवटी त्याच्या हातातली टोपी मी घेतली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला तर रफिकही पाच पावलांवरून ओळखू येत नाही. पण दादा, माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख अजून वाढलेलं असतं. इतक्या वर्षांत ते कापायची सवयच लागली नाही. मी ते कडेवरून फिरवलं. अडकलं. जरा पुढे पुन्हा अडकलं. आणि आणखी एकदा.

"तीन," मी म्हटलं.

रफिकने टाचणीने काजळी उकरली. तीन होते.

त्यानंतरचे नऊ दिवस मी रोज सकाळी दहा ते पाच तुझ्या स्टुलावर बसले. रफिक एकेक तुकडा हातात द्यायचा, मी डोळे मिटून नख फिरवायचे आणि आकडा सांगायचे. तो खडूने लिहून पुन्हा चादरीवर मांडायचा. सहा रॉड आणि सहा टोप्या दोन दिवसांत जुळल्या. मी उठायला लागले तर रफिक म्हणाला, थांबा, आणि आणखी एक तुकडा पुढे केला. त्याच्यावरही ठिपके होते. मग पुढचा. क्रँक धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर ठिपके. त्यांची पुढची बाजू कुठली ते दाखवायला कोरलेला बाण. पंपाच्या आधाराला, गिअरच्या दातापाशी, झाकणांना, इतकंच काय, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा. रफिक तुकडे देत होता आणि मी आकडे सांगत होते.

पाचव्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "ताई, दादा एवढे ठिपके कधीच मारत नव्हता. रॉडला मारायचा, बास. बाकी सगळं डोक्यात. मीच म्हणायचो, दादा, जरा खुणा करत जा, तर बोलायचा, इंजिन मीच बांधणार ना, मग कुणासाठी?"

मग मला कळलं. जूनमध्ये, खोकत खोकत, एकट्याने बसून तू त्या इंजिनाच्या अंगावर जागा मिळेल तिथे खुणा करून ठेवल्या होत्यास, कारण ते बांधायला तू नसशील हे तुला कळलं होतं. मी फोनवर तुला बागेत फिरायला जा म्हणत होते तेव्हा तू हे करत होतास. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तुझ्या गाळ्यात, तुझ्या स्टुलावर बसून मोठ्याने रडले. दवाखान्यात रडले नव्हते, स्मशानाच्या दारातही नाही. रफिक बाहेर जाऊन उभा राहिला.

हिराबाई अधूनमधून यायची. एकदा तिला मी आपलं भांडण सांगितलं, बंद पडलेली इंजिनं तक्रार करायला येत नाहीत ते. ती म्हणाली, "आलती की. हाच बंद पडलेला, अर्नाळ्याच्या पुढं. दुसऱ्या बोटीनं वढून आणला." आपल्या त्या भांडणाच्या आधीची गोष्ट, आणि मला हे माहीतच नव्हतं. ती म्हणाली, तू दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात जाऊन बसलास, इंजिन उघडलंस आणि तिच्या नवऱ्याला म्हणालास की हे आठ दिवस तुम्हाला सांगत होतं, आवाज बदलला होता, ऑईल पीत होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. "तुझा भाऊस बोलला, जुना इंजिन बंद पडतो, पण सांगून पडतो."

म्हणजे त्या रविवारी मी माझ्या पानात सुरमई वाढून घेत असताना तुला ठाऊक होतं की मी म्हणते त्यात तथ्य आहे, आणि तू ते मान्य केलंस. "तसं पण असेल." मी त्याला जिंकणं समजले. आता माझंही एक मान्य कर. टिकलेली इंजिनं बघून तू मत बनवतोस, असं मी म्हणायचे. पण ती आपोआप टिकली नव्हती; दर पावसाळ्यात कुणीतरी ती उघडून, पुसून, ऐकून परत बांधत होतं. ही गोष्ट माझ्यासारख्या विज्ञानाच्या मास्तरणीच्या ध्यानात यायला हवी होती. आणि सांगून जाण्याचं म्हणशील तर तूही सांगत होतास, दादा. चावी देऊन सांगितलंस, ठिपके मारून सांगितलंस. मी फक्त खोकला ऐकला.

इंजिन बांधून बंद झालं त्या दिवशी रफिकने शेवटचा बोल्ट आवळला, आणि झाडू दाराआडून काढून माझ्या हातात दिला. "आता मारा, ताई." मी अख्खा गाळा झाडला. उदबत्ती लावली. आईच्या लक्ष्मीला म्हटलं, ये बाई, बंद केलं.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी कोळीवाड्यात बोटीवर ते पहिल्यांदा चालू केलं. रफिक खाली इंजिनापाशी, हिराबाईचा थोरला वर, ती आणि मी धक्क्यावर. पहिल्या खेपेला नुसतंच गुरगुरलं. रफिकने हात वर केला, पुन्हा. दुसऱ्या खेपेला लागलं, आणि काळ्या धुराचा भपका थेट आमच्या तोंडावर आला. मी पदर नाकाला लावला, वळले आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की मागून हाक आलेली नाही.

मी तिथेच थांबले. मागे वळून, पदर नाकाशी धरून, बोटीकडे तोंड करून उभी राहिले. खोकला येत होता तरी हलले नाही. हिराबाईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दोन मिनिटं.

धूर काळा होता, मग करडा झाला, मग त्याच्यातून पलीकडच्या बोटीवरचं निशाण दिसायला लागलं. आवाज एकसारखा झाला, माझ्या लग्नात नाक्यावर होता तसाच. मी पदर खाली केला. धुराबद्दल माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, ते भांडण आपण पुढे चालू ठेवू. पण मी थांबले, दादा. गरम झालं, आणि निवळला धूर, तू म्हणायचास तसाच.